चिमटीचं प्रमाणपत्र

कुकरच्या शिट्ट्या काटेसाहेबांनी जन्मभर ऐकल्या होत्या, पण त्यातली एखादी आपल्याला उद्देशून असेल असं वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांच्या मनातही आलं नव्हतं. शिट्टी व्हायची, कुणीतरी उठायचं, गॅस बंद व्हायचा आणि यथावकाश ताट समोर यायचं. त्या सोमवारी सकाळी हे 'कुणीतरी' उजवा हात प्लॅस्टरमध्ये घालून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलं होतं आणि कुकर ओट्यावर एकटाच ओरडत होता. पाच झाल्या, असं त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, बाहेरून सांगितलं. साहेबांनी चार मोजल्या होत्या. मोजण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसल्यामुळे त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून मुद्दा समजावून सांगायला सुरुवात केली, आणि तो पटवून होईपर्यंत नऊ झाल्या. तो भात पुढे दोन दिवस कुकरच्या तळाशी राहिला, कारण तो निघत नव्हता.

साहेबांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नाही. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यामुळे तराजूचा काटा त्यांच्या नावाला कायमचा चिकटला, आणि त्यांच्या पत्नी सगळ्या इमारतीच्या वहिनी झाल्या. साहेब दुकानात शिरले की दुकानदाराला आपोआप खोकला यायचा. तराजूखाली काय चिकटवलंय ते त्यांना न वाकता कळायचं. दुकानात असताना ते तोंडात काही घालत नसत, शेंगदाणासुद्धा नाही. नमुन्याला तोंड लावलं की तपासणारा विकला गेला, असं ते नव्याने लागलेल्या लोकांना सांगत. असा माणूस हल्ली सापडत नाही, आणि सापडलाच तर त्याला स्वयंपाक येत नाही.

खरं म्हणजे स्वयंपाक करायची त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. वहिनी माळ्यावरची बरणी काढताना स्टुलावरून पडल्या आणि मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर, एवढं कळल्यावर मुलीने फोनवर सरळ तोडगा काढला होता. ही मुलगी दुसऱ्या शहरात शाळेत गणित शिकवते आणि स्वभावाने तंतोतंत वडिलांवर गेली आहे. आईला मी इकडे घेऊन येते, तुम्ही डबा लावा, असं ती म्हणाली. डबा लावून बघितला होता, दोन दिवसांत दोघांची पोटं बिघडली होती, पण ते कारण साहेबांना त्या वेळी सुचलं नाही. ते एवढंच म्हणाले की स्वयंपाक मी करीन. पलीकडे शांतता पसरली. साहेबांनी ती मोजली. चार सेकंद होती.

मग मुलगी म्हणाली, "ठीक आहे बाबा. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी जेवायला येते. आई नीट जेवतेय असं दिसलं तर राहू दे. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने मी तिला घेऊन जाणार. दोन तिकिटं आत्ताच काढून ठेवते."

लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात वहिनी घराबाहेर राहिल्या त्या रात्री एकूण नऊ, आणि त्या नऊही वेळा साहेबांना घर फार मोठं वाटलं होतं. हे घर दोन खोल्यांचं आहे. सहा आठवडे ती इथे नसेल ही कल्पनाच त्यांना सहन होईना, आणि हे ते कुणालाही सांगणार नव्हते. वहिनींनाही जायचं नव्हतं. मुलगी-जावई सकाळी सातला बाहेर पडतात, मग बाराव्या मजल्यावर मी आणि लिफ्टचा आवाज, असं त्यांनी समोरच्या नर्सबाईंना सांगितलं होतं. साहेबांना मात्र त्या म्हणाल्या, "तुम्हाला जड जाईल. जाईन की मी." हे 'जड जाईल' साहेबांना फार लागलं. वजनाच्या बाबतीत हा त्यांच्यावरचा पहिलाच ठपका होता.

आता आपल्याकडे काय होतं, की माणूस आजारी पडला तर फळं घेऊन येतात आणि माणूस स्वयंपाकाला लागला तर सल्ले घेऊन येतात. समोरच्या नर्सबाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वॉर्डात फेरी मारल्यासारख्या रोज सकाळी यायच्या. त्यांच्या मते जगातले निम्मे आजार कच्च्या भाजीतून येतात. त्यांच्या सांगण्यावरून साहेबांनी कोबी पंचवीस मिनिटं उकळला. त्यानंतर कोबी पातेल्यात आहे हे फक्त वासावरून कळत होतं, आणि तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत कळत होता. तळमजल्यावरच्या शिंपीदादांचं शास्त्र वेगळं होतं. शिवणीच्या आत आपण जास्तीचं कापड सोडतो, माया म्हणतात तिला, तशी भातात पाण्याची माया सोडायची, म्हणजे चुकलं तरी पुढे सांभाळून घेता येतं, असं त्यांनी दारात उभं राहून समजावलं. साहेबांनी एवढी माया सोडली की भात वाटीने प्यावा लागला. वहिनी तो प्यायल्या आणि घशाला बरं वाटलं म्हणाल्या.

वहिनींना विचारून करावं तर तिथे वेगळीच पंचाईत होती. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून त्या डाव्या हाताने दिशा दाखवत बसायच्या, आणि मीठ किती, असं साहेबांनी विचारलं की म्हणायच्या, "अंदाजाने." मिरपूड किती? अंदाजाने. पाणी? बेताचं. किती वेळ? वास सुटेपर्यंत. अंदाज या एका शब्दापायी साहेबांनी चौतीस वर्षं लोकांना कचेरीचे हेलपाटे घालायला लावले होते. अंदाजाने दिलंय साहेब, असं म्हणणाऱ्या दुकानदाराच्या समोर ते खिशातून वही काढत. आणि आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओट्यावर, सदतीस वर्षं सगळा कारभार विनामाप चालला होता असं उघड होत होतं. त्यातली नवलाची गोष्ट अशी की सदतीस वर्षांत एकदाही मीठ कमी-जास्त झाल्याचं त्यांना आठवेना. वहीत त्यांनी तशी नोंद केली आणि खाली लिहिलं: साधन अत्यंत विश्वासार्ह, परंतु अप्रमाणित.

मग जे त्यांच्या डोक्यात आलं ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. वहिनींचा अंदाज चांगला आहे ना? मग तो मोजायचा. बुधवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, कागदाचे चौकोन कापले, मिठाची बरणी वहिनींच्या पुढ्यात ठेवली आणि एकेक चिमूट काढायला सांगितलं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, तेव्हा वहिनी डाव्या हाताने चिमूट घेत होत्या आणि साहेब तिची पुडी बांधून वर क्रमांक घालत होते. मिठाच्या वीस, मिरपुडीच्या दहा आणि तांदळाच्या दहा मुठी. सरासरी काढायची तर नमुने भरपूर पाहिजेत. वहिनींना मधे दोनदा शिंक आली, त्या दोन पुड्या साहेबांनी बाद केल्या आणि फिरून घेतल्या. दुसरी कुणी बाई असती तर अकराव्या चिमटीला उठून गेली असती. वहिनी चाळीस पूर्ण होईपर्यंत बसल्या आणि शेवटी विचारलं, "झालं का मनासारखं?"

घरातल्या काट्यावर चिमूट दिसेना, कारण पाच ग्रॅमच्या खाली तो शून्यच दाखवतो. सोनाराकडे बारीक काटा असतो, पण त्या सोनाराला साहेबांनी तीनदा पकडलं होतं. राहिली आपली जुनी कचेरी. गुरुवारी साहेब पिशवीत चाळीस पुड्या घेऊन कचेरीच्या फाटकाशी पोचले. दरवान नवा होता. त्याने पिशवी उघडली, आत चाळीस पुड्या, त्यातल्या वीस बारक्या आणि पांढऱ्या भुकटीच्या, बघितल्या, साहेबांकडे बघितलं आणि एक पुडी उचलून वरची अक्षरं मोठ्याने वाचली: पत्नी, चिमूट, क्रमांक सतरा. रांगेतल्या सहा माणसांनी ते ऐकलं. ज्या फाटकातून आत जाताना चौतीस वर्षं सलाम झडले, तिथे साहेबांना बाकावर बसवून वर निरोप धाडण्यात आला.

वर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या बाई प्रमुख होत्या. त्या लगबगीने उठल्या, खुर्ची दिली, चहा मागवला. बारीक काटा दोन दिवसांसाठी घरी नेऊ देता का, असं साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत एक परिपत्रक लावलं होतं. कचेरीतलं कोणतंही साधन कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही शिफारशीने कचेरीबाहेर जाणार नाही. खाली साहेबांची सही होती, ठळक आणि वळणदार. नकाराने त्यांचा चेहरा उतरला आणि त्याच क्षणी अभिमानाने छातीही भरून आली. ही दोन्ही कामं एका चेहऱ्याला एकदम जमत नाहीत, म्हणून ते चहा पिऊ लागले.

नमुने इथेच तोलून घ्यायला मात्र हरकत नव्हती, अर्ज केला तर. अर्ज तीन प्रतींत. तो नमुनाही साहेबांनीच एके काळी ठरवलेला असल्यामुळे त्यात पळवाट नव्हती. 'नमुन्याचा स्रोत' या रकान्यात त्यांनी 'पत्नी' असं लिहिलं. 'नमुना कसा घेतला' याच्यापुढे लिहिलं, 'डाव्या हाताने, स्वखुशीने.' बाईंनी ते गंभीरपणे वाचलं, गंभीरपणे शिक्का मारला आणि फक्त चष्मा पुसायला जरा जास्त वेळ घेतला. दोन तासांनी प्रमाणपत्र हातात आलं. चिमूट, मीठ, पत्नी, डावा हात: सरासरी शून्य पूर्णांक एकतीस ग्रॅम. नर्सबाईंनी दिलेला औषधाचा छोटा चमचाही साहेबांनी तोलून घेतला होता. काठोकाठ सपाट भरला की त्यात बरोबर चार चिमटी मावत. याला म्हणतात काम.

प्रमाणपत्र फ्रिजवर चुंबकाने लावण्यात आलं. चुंबक विकत घेतलेलं आहे, जप्त केलेलं नाही, हे साहेब येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. शुक्रवारपासून स्वयंपाक शास्त्राने होऊ लागला, आणि खरं सांगायचं तर माणूस सुधारत होता. शिट्ट्या आता खडूने भिंतीवर मांडल्या जात. बटाट्याच्या फोडी एकसारख्या होत्या, त्यांच्याकडे बघून शिंपीदादांनी हाताचं कौतुक केलं. मटारभात मोकळा झाला. वहिनींनी चार चिमटी सांगितल्या की एक सपाट चमचा पडे, एक कण इकडे नाही की तिकडे नाही. ताट समोर आल्यावर साहेब पहिला घास घेत आणि तो त्यांना सपक लागे. दुसराही सपक लागे. वहिनी मात्र खाली मान घालून जेवत आणि छान झालंय म्हणत. त्यातून साहेबांनी असा निष्कर्ष काढला की आपली जीभ म्हातारी झाली. समोर सरकारी शिक्का असताना जिभेचं ऐकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

बुधवारी मात्र रस्सा इतका पुळचट लागला की त्यांना मिठाचाच संशय आला. पुडा काखेत मारून ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले. किराणावाला त्यांना बघून सवयीने खोकला. साहेबांनी पुडा गल्ल्यावर ठेवून मिठात भेसळ असल्याचं शांतपणे सांगितलं. त्या बिचाऱ्याने पुडा उलटसुलट करून बघितला.

मग म्हणाला, "साहेब, तुम्ही मला दोनदा पकडलंत, मी दोन्ही वेळा कबूल केलं. पण मिठात घालायला मिठाहून स्वस्त मी काय आणू?"

साहेबांनी पुड्यावरची किंमत वाचली. ते पुडा घेऊन परत आले. रविवार चार दिवसांवर आला होता, आणि मुलीचा फोन आला तेव्हा तिने फक्त गाडीची वेळ सांगितली.

शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बसल्यावर साहेब नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या भरायला आत गेले. तांब्या आधीच भरलेला होता, त्यामुळे ते लगेच मागे वळले आणि दारातच थबकले. वहिनींचा मोडका हात गळ्यातल्या झोळीत होता. त्या झोळीतून त्यांनी डाव्या हाताने गोळ्यांची एक लहान बाटली काढली होती, दातांनी झाकण उघडलं होतं आणि रश्श्यात मीठ घालत होत्या. एक चिमूट, दुसरी, तिसरी. निम्मं मीठ टेबलावर सांडत होतं. रंगेहाथ पकडलेले चेहरे साहेबांनी खूप बघितले होते, पण वर बघितल्यावर वहिनींचा जो चेहरा झाला तो त्यातल्या कशातच बसत नव्हता.

"केव्हापासून?" साहेबांनी विचारलं.

"गेल्या शुक्रवारपासून."

"आणि मला छान झालंय म्हणायचीस."

"तुम्ही एवढं प्रमाणपत्र आणलंत," वहिनी म्हणाल्या. "तुमचा चेहरा बघून बोलवेना."

साहेब टेबलाशी आले. रागावावं तर कुणावर ते कळेना. आठ दिवस आपण मान ताठ ठेवून वाढत होतो आणि ही झोळीतून मीठ काढून आपली लाज राखत होती, हे त्यांच्या मनाला फार लागलं. ते खाली बसले. मग सवयीने त्यांनी सांडलेलं मीठ बोटाने गोळा केलं. गोळा करता करता बोट थांबलं.

"ही चिमूट एवढीशीच कशी गं?"

"डावा हात ना तो," वहिनी म्हणाल्या. "त्याने जन्मात कधी मीठ घातलंय?"

साहेब उठले आणि फ्रिजसमोर जाऊन उभे राहिले. शिक्क्याच्या वर, स्वच्छ अक्षरात, तीन प्रतींत कळवल्याप्रमाणे लिहिलं होतं: डावा हात. दिवसातून दहा वेळा ते वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. सदतीस वर्षं ज्या हाताने त्यांना जेवू घातलं त्याला सोडून त्यांनी शेजारच्याच, या कामातल्या अगदी नवख्या हाताचं प्रमाणपत्र काढून आणलं होतं. हाताखालच्या माणसाने अशी चूक केली असती तर साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी आवकजावकच्या नोंदवहीवर बसवलं असतं.

"उजवा किती घालतो मग?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडी विनवणी होती.

"मला काय ठाऊक? हात घालतो. मी नुसती तिथे उभी असते," वहिनी म्हणाल्या. "पण शिजताना तुम्ही चाखता ना? चाखून कळत नाही का कमी पडलंय ते?"

साहेब प्रमाणपत्र सरळ करू लागले. वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की या माणसाने बारा दिवसांत ओट्याजवळ एकदाही पळी तोंडाला लावलेली नाही. साहेबांनी तेही कबूल केलं. नमुन्याला तोंड लावायचं नाही, हा नियम. तो स्वयंपाकघरात लागू नाही असं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. यावर वहिनी हसायला लागल्या. प्लॅस्टर हलून दुखायला लागलं तरी त्यांचं हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला एकच हात होता. पडल्यापासून त्या पहिल्यांदा हसत होत्या. साहेब अपमान विसरून बघत राहिले.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, हा नमुना नाही. आपलं जेवण आहे हे."

शनिवारी साहेबांनी ओट्यासमोर उभं राहून आयुष्यातला पहिला नियमभंग केला. वहिनी बाजूला खुर्ची घेऊन बसल्या होत्या. थोडं मीठ घाला, ढवळा, पळीच्या टोकावर घ्या, फुंकर मारा, चाखा. काय वाटतं? पाणी वाटतं. अजून घाला. आता? आता पाण्याला बटाटा शिवल्यासारखं वाटतं. अजून थोडं. असं करत सातव्या वेळेला साहेबांनी पळी तोंडात धरली आणि तशीच ठेवली. रश्श्याचा सूर लागला होता. हे त्यांना काट्याशिवाय, शिक्क्याशिवाय, कुणी न सांगता कळलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की वहिनींनी उठून स्वतः चाखून बघितलं. मग त्यांनी आणखी एक पळी मागितली. खात्री करून घ्यायची म्हणून साहेबांनी पुढे आणखी चार वेळा चाखलं. दोघांचा रस्सा त्या दिवशी दीड माणसाला पुरला.

रविवारसाठी वहिनींना मात्र धीर होत नव्हता. लेक समोर असेल, तुमचा हात चुकेल, बाटली जवळ असू दे, असं त्या म्हणत होत्या. साहेब तयार झाले, पण एका अटीवर. त्यांनी बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, वरून दोरा गुंडाळला, दोऱ्यावर कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली आणि तिच्यावर अर्धी कागदावर अर्धी काचेवर येईल अशी सही केली. खाली तारीख, वार आणि वेळ. वहिनींनी ती निमूटपणे झोळीत ठेवली.

मुलगी बाराला आली ती मोठी रिकामी बॅग घेऊनच. बॅग तिने दाराशी उभी केली आणि आत येऊन आधी आईच्या गालाकडे बघितलं, मग फ्रिजवरच्या प्रमाणपत्राकडे. ते तिने शेवटपर्यंत वाचलं. नर्सबाई कोबी नीट उकळलाय ना ते बघून गेल्या. शिंपीदादांनी दारातून पाण्याची आठवण केली. साहेबांनी दोघांचे आभार मानले आणि दोघांचंही ऐकलं नाही, यावरून माणूस किती पुढे गेला होता ते कळेल.

मुलगी उत्तरपत्रिका तपासावी तशी जेवत होती, प्रत्येक गोष्टीचा एक घास, मग थांबून दुसरा. मटारभात झाला, कोबी झाला. रश्श्याशी आल्यावर तिचा चमचा जरा रेंगाळला. साहेब ताटातला भात नुसता चिवडत होते, कारण एकतर धास्ती होती आणि दुसरं म्हणजे ओट्याजवळच त्यांचं पोट भरलं होतं. तेवढ्यात वहिनी भात घ्यायला पुढे वाकल्या आणि झोळीतून बाटली घसरली. ती टेबलावर पडली आणि गडगडत मुलीच्या ताटाशी जाऊन थांबली.

मुलीने बाटली उचलली, उजेडात धरली. गोळ्या नाहीत, मीठ आहे, हे कळायला तिला काय वेळ लागणार. तिने आईकडे बघितलं, मग दाराजवळच्या बॅगेकडे. आई, तू वरून मीठ घालून जेवतेस, असं ती अगदी हळू म्हणाली. साहेबांना काही तरी बोलायचं होतं, पण आठ दिवस ते खरंच होतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"वाच तरी त्याच्यावर काय लिहिलंय," वहिनी म्हणाल्या.

मुलीने पट्टी वाचली. शनिवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नखाने दोरा ओढून बघितला. सहीचा निम्मा भाग कागदावर होता, निम्मा काचेवर, दोन्ही जिथल्या तिथे जुळत होते. लहानपणी वडिलांबरोबर दुकानोदुकानी हिंडलेली मुलगी ती. ते सील कुणी उघडून परत लावू शकत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने बाटली खाली ठेवली. मग आईच्या ताटाकडे बघितलं. ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि वहिनी डाव्या हाताने वाटी पुढे करून आणखी रस्सा मागत होत्या.

साहेबांनी वाढला. थेंबही सांडला नाही. मग मुलीनेही आपली वाटी पुढे केली. जेवण झाल्यावर तिने मोबाइल काढला, संध्याकाळच्या गाडीचं एक तिकीट रद्द केलं आणि सील न तोडता बाटली आपल्या बॅगेत टाकली. कशाला, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाली, घरी ठेवते. निघताना तिने वडिलांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. त्यांच्या घरात एवढंच करायची पद्धत आहे आणि तेवढं पुरतं.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी साहेबांनी ओट्यावर सगळी तयारी मांडून ठेवली होती. चौकोनी कागद, पेन्सिल, पुड्या. आज खरा हात मोजायला मिळणार होता. वहिनी ओट्याशी आल्या. हात बारीक झाला होता, कातडी फिकट पडली होती, बोटं सावकाश वळत होती. रस्सा रटरटत होता. त्यांनी बरणीत हात घातला आणि चिमूट वर आणली. साहेबांनी खाली कागद धरला, क्षणभर तसाच धरून ठेवला आणि मग घडी करून खिशात घातला. चिमूट पातेल्यात पडली.

वहिनी पळी धुवायला वळल्या, तेव्हा साहेबांनी आताच्या सवयीने चमच्याच्या टोकावर रस्सा घेऊन चाखला. कमी पडलं होतं. बरंच कमी. सहा आठवडे बंद पडलेल्या हाताचा अंदाज गेला होता. ज्या हाताने सदतीस वर्षं एकदाही चूक केली नाही त्या हाताला आपण आता हे सांगायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी नळाकडे बघितलं, वहिनींची पाठ होती. त्यांनी बरणीत बोटं घातली, पातेल्यावर झटकली, ढवळलं आणि हात खांद्यावरच्या पंच्याला पुसून खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

जेवायला बसल्यावर वहिनींनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. त्यांनी साहेबांच्या पंच्याला चिकटलेल्या मिठाच्या कणांकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"किती घातलंत?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी मान वर न करता पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "अंदाजाने."